एका युनिटमागे किती उजेड? घरातल्या हिरव्या भाजीसाठी दिवे निवडताना

फ्लॅटमध्ये मेथी, पालक, लेट्यूस, पुदिना नाहीतर मायक्रोग्रीन्स (कोवळेपणीच कापून खायची रोपं) लावायचं ठरलं की दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा दिवा घेऊ?" या प्रश्नाच्या उत्तरातून फक्त दिवा वीज किती खाईल ते कळतं. त्या विजेतून रोपाच्या कामाचा उजेड किती निघेल, हे वॅटवरून अजिबात कळत नाही. गाडी घेताना आपण टाकी किती लिटरची आहे एवढं विचारून थांबत नाही, अ‍ॅव्हरेज किती देते हे विचारतो. दिव्याचंही अ‍ॅव्हरेज असतं, आणि ते 'एका युनिटमागे किती मोल' अशा शब्दांत मांडलं की घरबसल्या सगळा हिशेब करता येतो.

मोल हे उजेडाचं माप. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश अन्न तयार करायला वापरते आणि तिच्या दृष्टीने त्या प्रकाशाचे कण किती पडले हे महत्त्वाचं असतं. कण अगणित, म्हणून ते डझनासारख्या एका प्रचंड मोठ्या मापात, मोलमध्ये, मोजतात; मायक्रोमोल म्हणजे मोलाचा दहा लाखावा भाग. तीन संज्ञा पुढे सारख्या लागतील. दिव्यातून दर सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल कण बाहेर पडतात ते पीपीएफ. त्यांपैकी पानाच्या पातळीवर एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पोचतात ते पीपीएफडी. आणि दिवसभरात त्या चौरस मीटरवर एकूण किती मोल जमा झाले ते डीएलआय, म्हणजे रोपाचा रोजचा खुराक. शेवटच्या दोघांचं नातं सोपं आहे: पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६ म्हणजे डीएलआय. २०० पीपीएफडी १६ तास दिला तर साधारण ११.५ मोल झाले.

आधी खिडकी मोजा

खिडकीतून येणाऱ्या उजेडाला बिल नाही. त्यामुळे दिवा घेण्याआधी तो मोजायचा, आणि दिव्याकडून फक्त तूट भरून घ्यायची. लक्स हे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप. लक्स मीटर असेल तर उत्तम; नसेल तर अँड्रॉइड फोनवर लक्स दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप चालतं. फोनचा सेन्सर पडद्याच्या वरच्या कडेला, कानाजवळच्या स्पीकरपाशी असतो. तिथे बोट किंवा कव्हर येऊ देऊ नका, आणि फोन पानाच्या उंचीवर आडवा, पडदा आकाशाकडे करून धरा. स्वस्त फोन बराच चुकतो. ताळा हवा असेल तर एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी बारा-साडेबाराला उन्हात वाचन घ्या. तिथे साधारण १ लाख लक्स दिसायला हवेत. फोन ७० हजार दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक वाचनाला दीडपटीच्या थोडं आत गुणायचं.

सकाळी ८ ते संध्याकाळी ६ दर दोन तासांनी, जिथे ट्रे ठेवणार तिथेच, सहा वाचनं घ्या. समजा ती २,०००, १२,०००, ८,०००, ५,५००, ४,००० आणि ९०० आली. सरासरी ५,४०० लक्स. सूर्यप्रकाशासाठी लक्सला ५४ ने भागलं की पीपीएफडी मिळतो, म्हणजे इथे १००. दहा तासांचे झाले ३.६ मोल. पालेभाजीला ११ ते १२ मोल लागतात, तेव्हा तूट आठ मोलांची. २०० पीपीएफडी देणारा दिवा तासाला ०.७२ मोल टाकतो. म्हणजे १६ तासांऐवजी ११ तास पुरतात आणि दिव्याच्या बिलातला जवळजवळ तिसरा हिस्सा वाचतो.

हे मोजमाप वर्षातून किमान दोनदा करावं लागतं. जानेवारीत दक्षिणेच्या खिडकीत ऊन खोलवर आत येतं. मेमध्ये सूर्य डोक्यावर असल्याने तीच खिडकी अंधारते. जुलै-ऑगस्टच्या झडीत कोकणात आणि मुंबईत तर कुठल्याच दिशेवर भरवसा ठेवता येत नाही. मच्छरदाणीची जाळी, काचेवरची काळी फिल्म आणि समोरची इमारत हे तिघंही उजेड खातात. म्हणून वाचन जाळी लावूनच घ्या. जाळी काढून घेतलेला आकडा रोपाच्या उपयोगाचा नाही.

कुणाला किती खुराक

मायक्रोग्रीन्सना ६ ते ७ मोल पुरतात: १५० पीपीएफडी, १२ तास. पेरल्यावर पहिले दोन-तीन दिवस ट्रे झाकलेलाच असतो, तेव्हा दिवा लावणं म्हणजे शुद्ध वाया. लेट्यूस, मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना यांना ११ ते १४. तुळस आणि बेझिल थोडी जास्त मागतात. मनीप्लँट, स्नेक प्लँटसारखी शोभेची झाडं ३ ते ५ वर सुखाने जगतात. त्यांच्यासाठी बहुधा वेगळा दिवाच लागत नाही, जागा बदलली तरी भागतं.

टोमॅटो, मिरची, वांगं मात्र २० ते ३० मोल खातात. ती घरात दिव्याखाली लावू नका, असंच आमचं स्पष्ट मत आहे. का, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

युनिटचा हिशेब

चांगल्या ग्रो लाइटच्या, म्हणजे खास रोपांसाठी बनवलेल्या दिव्याच्या, माहितीपत्रकात कार्यक्षमता 'मायक्रोमोल प्रति ज्यूल' या एककात दिलेली असते. तिला ३.६ ने गुणलं की एका युनिटमागे किती मोल हे मिळतं, कारण एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. २.५ चा दिवा युनिटमागे ९ मोल देतो, २.८ चा १०. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबच्या खोक्यावर हा आकडा नसतो, तिथे लुमेन (डोळ्याला दिसणारा एकूण उजेड) आणि वॅट असतात. पांढऱ्या एलईडीसाठी एक कामचलाऊ नियम चांगला लागू पडतो: लुमेनला वॅटने भागा, आलेल्या आकड्याला २० ने भागा. २० वॅटची, २,००० लुमेनची बॅटन (पट्टीसकट येणारी एलईडी ट्यूब) म्हणजे १०० लुमेन प्रति वॅट, म्हणजे युनिटमागे ५ मोल. १५० लुमेन प्रति वॅटची मिळाली तर साडेसात. जुनी सीएफएल युनिटमागे ३ ते साडेतीनच्या आसपास राहते आणि पिवळा गोळा एकापर्यंत जेमतेम जातो. हे दोन्ही घरात पडून असले तरी रोपांवर लावू नका. फुकटचा दिवा सर्वांत महाग पडतो तो असा.

आता खरी मांडणी घेऊ. स्लॉटेड अँगलचा चार फूट बाय दीड फुटाचा एक कप्पा म्हणजे १२० बाय ४५ सेंटिमीटर, ०.५४ चौरस मीटर. पालेभाजीला ११.५ मोल धरले तर रोज पानांवर ६.२ मोल पडायला हवेत. दिव्यातून निघालेला सगळा उजेड पानावर पडत नाही. बाजूने पांढरे पडदे लावून, दिवा जवळ टांगूनही चौथा हिस्सा जातोच. म्हणून ६.२ भागिले ०.७५, म्हणजे रोज ८.३ मोल दिव्यातून निघायला हवेत.

युनिटमागे ५ मोल देणाऱ्या बॅटननी हे केलं तर रोज १.६६ युनिट, महिन्याला ५०. युनिटमागे ९ मोल देणाऱ्या बोर्डाने (सपाट पत्र्यावर डायोड बसवलेल्या ग्रो लाइटने) केलं तर रोज ०.९२ युनिट, महिन्याला २८. फरक २२ युनिटांचा. १६ तासांच्या हिशेबाने वॅट काढायचे तर पहिल्या बाजूला सुमारे १०४ वॅट, म्हणजे २० वॅटच्या पाच बॅटन. दुसऱ्या बाजूला ५८ वॅटचा एक बोर्ड किंवा दोन बार.

एका युनिटला किती रुपये धरायचे, यात बहुतेकांची चूक होते. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी काढतात. पण महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दिव्याची युनिटं ही वरची भर आहे, त्यामुळे ती तुमच्या सर्वांत महाग टप्प्यात जाऊन बसतात. घराचा वापर २८० असेल आणि दिव्यांनी ५० वाढवले, तर त्यातली ३० युनिटं ३०० ची रेषा ओलांडून वरच्या दराने लागतात. शिवाय प्रत्येक युनिटवर वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा) येतो आणि वर १६ टक्के वीज शुल्क. बिलाच्या मागच्या बाजूला दर छापलेले असतात, तिथून तुमचा वरचा टप्पा काढा. वहन आकार आणि शुल्क धरून तो समजा १० रुपये आला, तर वरचा २२ युनिटांचा फरक महिन्याला २२० रुपयांचा. बोर्ड बॅटनपेक्षा ३,००० रुपयांनी महाग असेल तर चौदा महिन्यांत पैसे वसूल.

आता हाच हिशेब मायक्रोग्रीन्सच्या एका छोट्या ट्रेला लावा. ६० बाय ३० सेंटिमीटर, ६.५ मोल. दिव्यातून रोज दीड मोलाच्या आसपास हवेत. बॅटनला महिन्याला ९ युनिटं, बोर्डाला ५. वाचतात चाळीस रुपये. इथे महागड्या दिव्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. चांगल्या कंपनीची, जास्तीत जास्त लुमेन प्रति वॅट असलेली दोन फुटी बॅटन आणा आणि पेरणीला लागा.

आणि टोमॅटो? त्याच ०.५४ चौरस मीटरला २५ मोल द्यायचे तर उत्तम बोर्डानेही रोज २ युनिटं, महिन्याला ६०. फळ हाती यायला अडीच-तीन महिने. गच्चीवर किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत तेच ऊन फुकट मिळतं. दिव्याखाली फक्त त्याची रोपं तयार करा, चार पानं आली की बाहेर न्या.

ग्रो लाइटचा रंग

जांभळा दिवा म्हणजेच खरा ग्रो लाइट, हा समज अजून गेलेला नाही. लाल आणि निळा प्रकाश पानं सर्वांत जास्त शोषतात हे खरं. पण हिरवा वाया जातो हे खरं नाही. तो वरच्या पानांतून आरपार झिरपून खालच्या पानांना मिळतो. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलं आहे, भुरी आली आहे, मावा बसला आहे, यातलं काहीच नीट दिसत नाही. घरात रोज वावरताना डोळ्यांनाही तो नकोसा होतो.

घरासाठी पांढरा एलईडी, ३,००० ते ४,००० केल्विनचा (केल्विन कमी तेवढा उजेड पिवळसर, जास्त तेवढा निळसर), आणि त्यात ६६० नॅनोमीटरचे थोडे लाल डायोड, ही जोडी उत्तम. लाल प्रकाशाच्या कणात निळ्यापेक्षा कमी ऊर्जा असते. म्हणून तेवढ्याच विजेत लाल कण जास्त संख्येने निघतात आणि दिव्याचं अ‍ॅव्हरेज वाढतं. नुसत्या पालेभाजीला ६,५०० केल्विनची साधी पांढरीफटक ट्यूबही चालते. तिच्यातल्या निळ्यामुळे रोपं बुटकी, भरदार राहतात. सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा गुणांक, ९० च्या वर असलेला दिवा रंग सुंदर दाखवतो, पण त्याची कार्यक्षमता थोडी कमी असते. रोपांसाठी ८० पुरे.

आणखी एक गल्लत. सोलापूर-सांगलीकडे ड्रॅगनफ्रूटच्या मळ्यांत रात्री दिवे लावतात, शेवंतीवाले फुलणं लांबवायला लावतात. ते दिवे झाडाला दिवस मोठा आहे असं भासवण्यासाठी असतात, त्याला अगदी मंद उजेड पुरतो. 'मळ्यात ९ वॅटचे बल्ब चालतात, मग घरात का नाही?' याचं उत्तर हे: तिथे झाडाला अन्न सूर्य देतो, तुमच्या बंद खोलीत ते सगळं दिव्याला द्यायचं आहे.

खोक्यावरचं काय खरं मानायचं

'१००० वॅट' असं ठळक छापलेला दिवा प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे वॅट घेतो, हा प्रकार ऑनलाइन सर्रास चालतो. डायोडची कमाल क्षमता आणि डायोडची संख्या यांचा गुणाकार करून तो आकडा आलेला असतो. क्लिपवाल्या चार हातांच्या दिव्यावर '८० वॅट' असतं आणि तो यूएसबीच्या ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या चार्जरवर चालतो. ५ गुणिले २ म्हणजे १०. दहा वॅटपेक्षा जास्त त्याला मिळूच शकत नाही. असा दिवा खिडकीतल्या एका कुंडीला टेकू म्हणून ठीक, चार फुटी कप्प्याला नाही.

'फुल स्पेक्ट्रम', 'सनलाइट', 'प्रोफेशनल' या शब्दांमागे कुठलंही बंधनकारक मानक नाही. ते बाजूला ठेवा. बल्ब-ट्यूबवरचे बीईईचे (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारे खरे असतात, पण ते लुमेन प्रति वॅटवर ठरतात, आणि लुमेन माणसाच्या डोळ्याला धरून मोजतात. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी रंगाला सर्वांत तल्लख असतो. त्यामुळे दोन पांढऱ्या ट्यूबमधून निवड करायला तारे उपयोगी आहेत. पांढरी ट्यूब आणि लाल डायोडचा बोर्ड यांची तुलना त्यांवरून करू नका.

विक्रेत्याला हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

– २३० व्होल्टवर प्लगपाशी दिवा प्रत्यक्ष किती वॅट घेतो?
– पूर्ण दिव्याचा पीपीएफ किती? चिपचा नको. चिपची कार्यक्षमता ३ च्या वर सांगतात; ड्रायव्हरमध्ये (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या डबीत), उष्णतेत आणि काचेत नुकसान होऊन दिव्याची २.५ उरते.
– पीपीएफडीचा नकाशा किती उंचीवरचा, किती जागेवरचा? फक्त मधल्या ठिपक्याचा आकडा कितीही मोठा दाखवता येतो. कोपऱ्यांचे आकडे हवेत.
– ड्रायव्हर कुणाचा, वॉरंटी किती, त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आहे का?
– डिमर (उजेड कमी-जास्त करायची सोय) आहे का?

पीपीएफ भागिले वॅट हा भागाकार स्वतः करा. १४५ भागिले ५८ म्हणजे २.५. छापलेला आकडा याच्याशी जुळला नाही तर त्या पत्रकातल्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या डिझाइनलाइट्स कन्सॉर्टियमच्या बागायती दिव्यांच्या तिसऱ्या आवृत्तीच्या निकषांत किमान कार्यक्षमता २.३ आहे. घरासाठीही हीच खालची रेघ माना. त्याच्या खालचा 'ग्रो लाइट' घेण्यापेक्षा १२०-१५० लुमेन प्रति वॅटची ट्यूब बरी आणि स्वस्तही.

डिमरसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. एलईडीतून कमी विद्युतप्रवाह गेला की तो थंड राहतो आणि त्याची कार्यक्षमता वाढते. १०० वॅटचा बोर्ड ६० वर चालवला तर ६० वॅटच्या, पूर्ण ताकदीने पळणाऱ्या स्वस्त बोर्डापेक्षा जास्त मोल देतो आणि जास्त वर्षं टिकतो. फार खाली मात्र नेऊ नका. निम्म्याच्या खाली ड्रायव्हरचीच कार्यक्षमता घसरते.

घरच्या मीटरवर दिव्याची परीक्षा

प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो. तो नसला तरी महावितरणचं मीटर आहेच. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक हा आकडा छापलेला असतो, बहुतेक ठिकाणी ३,२००. फ्रिज, राउटर, इन्व्हर्टरसकट घरातलं सगळं बंद करा आणि लुकलुक थांबली याची खात्री करा. मग फक्त ग्रो लाइट लावून दहा मिनिटं लुकलुक मोजा. आलेल्या संख्येला ६,००० ने गुणा आणि ३,२०० ने भागा. दहा मिनिटांत ३२ आल्या तर दिवा ६० वॅटचा. नवा दिवा आल्यावर परत करण्याच्या मुदतीतच ही परीक्षा उरकून घ्या.

उजेड पानावरच पडू द्या

इथे पैसा जवळजवळ लागत नाही आणि फायदा भरपूर होतो. बॅटन पानांपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, बोर्ड ३० ते ४० वर. बॅटन कप्प्याच्या लांबीला समांतर, एकमेकींपासून ८-९ सेंटिमीटरवर बसवा. चार फुटी कप्प्यासाठी चार फुटी ट्यूबच घ्या. लांब ट्यूबचं टोक कप्प्याबाहेर गेलं तर तेवढा उजेड फरशीला मिळतो. दिवा साखळीने किंवा दोरीने टांगा, म्हणजे रोपं वाढतील तसा वर घेता येईल.

तीन बाजूंना पांढरं सनपॅक शीट लावा. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे ते सहज मिळतं, कात्रीने कापता येतं, पाण्याने खराब होत नाही. चौथ्या बाजूला पांढऱ्या फ्लेक्सचा पडदा, काम करताना वर गुंडाळायचा. वर आणि खाली मात्र चार बोटं मोकळी ठेवा, नाहीतर दमटपणा कोंडून बुरशी येते. स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनिअम फॉइल वापरू नका. चुरगळून तो उजेडाचे ठिगळ पाडतो, आणि उघड्या वायरला लागला तर धोका वेगळाच. थर्माकोलही नको. गरम ड्रायव्हरजवळ तो पेट घेऊ शकतो.

बसवून झाल्यावर कप्प्याचे नऊ समान चौकोन कल्पून प्रत्येकात लक्स मोजा. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ७० ने भागायचं. २०० पीपीएफडी म्हणजे १४,००० लक्स. सर्वांत कमी वाचन सरासरीच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर दिवा थोडा वर घ्या किंवा बॅटन कडेला सरकवा. ते न जमल्यास दर दोन दिवसांनी कडेचे ट्रे मध्ये, मधले कडेला करा. जांभळ्या दिव्याखाली लक्स मीटर निरुपयोगी आहे, तो लाल-निळा जवळजवळ पाहतच नाही.

किती तास, कोणत्या वेळी

चोवीस तास दिवा लावून भाजी दुप्पट वेगाने येत नाही. रोपाला अंधारही लागतो. लेट्यूस, बेझिल, पुदिना १६ तासांवर छान चालतात. पालक आणि कोथिंबिरीचं तसं नाही. दिवस लांबला की दोन्ही फुलावर येतात: पालक चौदा तासांपुढे दांडा धरू लागतो आणि कोथिंबिरीची पानं बारीक, शेपूसारखी होतात, उकाड्यात तर आणखी लवकर. लोक बियाण्याला दोष देतात, चूक टायमरची असते. या दोघांना १२ तास ठेवा आणि पीपीएफडी २७० करा, ११.७ मोल होतात, वीज तेवढीच लागते. खिडकीचा उजेडही दिवसाच्या लांबीत धरला जातो. तो सकाळी ६ ला आत येत असेल तर दिवा संध्याकाळी ६ ला बंद व्हायला हवा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत कापली जाते, तिला हे फारसं लागू नाही.

दिवा कोणत्या वेळी लावायचा, यात उन्हाळा आणि बिल परस्परांविरुद्ध जातात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोली चाळिशीला टेकलेली असताना दुपारी दिवे लावले तर ड्रायव्हर तापतो, डायोड कमी उजेड देतो आणि पालकाला दुहेरी त्रास. रात्री ८ ते सकाळी ८ हे वेळापत्रक तेव्हा उत्तम, मात्र मांडणीला दिवसा जाड पडदा हवा. उलट ज्यांच्याकडे महावितरणचं टीओडी (वेळेनुसार दर लावणारं) मीटर आहे, त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत मिळते. बाकीचे आठ-नऊ महिने मग दिवसा लावणंच फायद्याचं. एसीच्या खोलीत मांडणी ठेवू नका. दिव्याने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत येते आणि ती बाहेर काढायला एसी आणखी वीज खातो.

टायमर घेताना भारनियमन लक्षात ठेवा. गोल तबकडीचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि आल्यावर तिथूनच पुढे चालतो. आठवड्यात तीनदा दोन-दोन तास वीज गेली तर दिवा सहा तास मागे पडलेला असतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

वायर, पाणी आणि पावसाळा

पाणी आणि वीज एका कप्प्यात नांदणार आहेत, इथे काटकसर नको. अ‍ॅल्युमिनिअमच्या पाठीच्या बोर्डाला तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर दिव्याआधी ती बसवून घ्या. ड्रायव्हर ट्रेच्या वर किंवा खाली नको, मांडणीच्या बाजूला बाहेर, हवेशीर जागी. तिथे तो थंडही राहतो. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. वायर सॉकेटकडे जाताना खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही. ट्रेच्या कप्प्यात आयपी ६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारा) दिवा चांगला. जिथे व्होल्टेज हलतं, विजा पडतात, तिथे १०० ते २७७ व्होल्टवर चालणारा आणि सर्ज संरक्षण असलेला ड्रायव्हर जास्त पैसे देऊन घ्यावा.

काय बिघडतं आणि का

रोपं उंच, बारीक होऊन माना टाकत असतील तर उजेड कमी आहे. तास वाढवण्याआधी दिवा खाली घ्या. वरची पानं फिकट, कडा वर वळलेल्या आणि खालची ठीक असतील तर दिवा फार जवळ आहे. दहा सेंटिमीटर वर घ्या किंवा डिमर उतरवा. खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडलं आहे, नवा दिवा आणून ते सुटणार नाही. कोकोपीटवर हिरवा शेवाळाचा थर आला तर उजेड मातीवर वाया जातोय. रोपं दाट लावा किंवा मोकळी जागा झाका. पावसाळ्यात दिव्यापाशी पाखरं आणि चिलटं जमतात, पांढरी माशीही येते. पडद्याची खालची कड चिमट्याने बंद ठेवा आणि पिवळा चिकट सापळा कप्प्यात टांगा.

स्वयंपाकघराजवळच्या दिव्यावर फोडणीचा तेलकट थर बसतो आणि त्यावर धूळ. पंधरा दिवसांतून एकदा प्लग काढून, ओलसर कापडाने ट्यूब पुसा. नऊ चौकोनांतलं मधलं वाचन तारखेसह ट्रेच्या कडेला मार्करने लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी, पुसून झाल्यावर, त्याच उंचीवर पुन्हा घ्या. रोज १६ तास म्हणजे वर्षाला ५,८०० तासांहून जास्त. 'एल९०, ३६,००० तास' असं लिहिलेला दिवा सहा वर्षांनी सुरुवातीच्या ९० टक्के उजेड देत असायला हवा. 'एल७०' लिहिलं असेल तर तेवढ्या काळात तीस टक्के गेलेले असतात, आणि बिल मात्र पहिल्या दिवसाएवढंच येत राहतं. वाचन सुरुवातीच्या ८० टक्क्यांच्या खाली आलं की बॅटन बदला. बोर्डाला डिमर असेल तर तो थोडा चढवून आणखी दोन-तीन वर्षं निभावता येतं.